आकलन आणि निबंध : परीक्षेची तयारी व गावाची जबाबदारी

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की गावोगावी चर्चा होते ती गणिताची, विज्ञानाची आणि इंग्रजीची. मातृभाषेत विद्यार्थ्याने काय मिळवले आणि काय गमावले, याची विचारपूस सहसा होत नाही. मराठी हा घरचाच विषय, त्याला वेगळी तयारी कशाला, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत विद्यार्थ्याला महाग पडते. दिलेला उतारा वाचून त्यातील आशय नेमका सांगणे आणि दिलेल्या विषयावर स्वतःचे विचार सुसंगतपणे मांडणे, ही दोन कौशल्ये बोलता येते म्हणून आपोआप येत नाहीत. ती शिकवावी लागतात आणि सरावाने पक्की करावी लागतात.

परीक्षेचा आराखडा काय सांगतो ?

दहावीच्या मराठी कुमारभारती या विषयासाठी २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात कृतिपत्रिका लागू झाली. त्या आराखड्यात लेखी परीक्षा ८० गुणांची असून २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ८० गुणांपैकी २४ गुण उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा आणि निबंधवजा लेखन यांना दिलेले आहेत. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एकासाठी ८ गुण आहेत. याखेरीज अपठित गद्य उताऱ्याचे ४ गुण आहेत, तर पठित उताऱ्यांवरील कृतींतही खरी कसोटी आकलनाचीच लागते.

या आकड्यांतून वेळेचा हिशेब सहज निघतो. ८० गुणांसाठी १८० मिनिटे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. त्या प्रमाणात निबंधाला १८ आणि अपठित उताऱ्याला ९ मिनिटे येतात. निबंध शेवटी ठेवून तो पाच-सात मिनिटांत उरकणारा विद्यार्थी विचार करण्याचा वेळच गमावून बसतो. म्हणून घड्याळ लावून लिहिण्याचा सराव वर्षारंभापासून हवा.

शालान्त परीक्षेबरोबर हा विषय संपतही नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. त्याच परीक्षेतील भारतीय भाषेच्या ३०० गुणांच्या अनिवार्य प्रश्नपत्रिकेत निबंधाला १००, उताऱ्याच्या आकलनाला ६० आणि सारांशलेखनाला ६० गुण असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धती स्वीकारली आहे. त्यामुळे खेड्यातील शाळेत नववी-दहावीला घातलेला पाया पुढे अधिकारपदापर्यंत उपयोगी पडणारा आहे.

उतारा वाचावा कसा ?

उताऱ्याखालील प्रश्न पाहायचा, त्यातील एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात असेल ते वाक्य उतरवून काढायचे, ही पद्धत वर्गावर्गांतून आढळते. सोप्या प्रश्नाला ती पुरते. विचार करावयास लावणारा प्रश्न आला की ती लंगडी पडते. एक छोटा उतारा घेऊन हे पाहू.

‘गावाच्या वेशीजवळ जुनी विहीर होती. नळ आल्यावर तिच्याकडे कोणी फिरकेना. काठावरचे दगड निसटले, आत पालापाचोळा साचला. एका उन्हाळ्यात नळयोजनेचा पंप जळाला आणि दुरुस्तीला बारा दिवस लागले. तेव्हा लोकांना विहिरीची आठवण झाली. पण पाणी पिण्याजोगे राहिले नव्हते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी तरुणांनी गाळ उपसला, कठडा बांधला. आता नळाला पाणी असले तरी गावकरी विहिरीवर जाळी टाकून तिची निगा राखतात.’

यावर चार तऱ्हांचे प्रश्न विचारता येतात. पंपाच्या दुरुस्तीला किती दिवस लागले, हा पहिला. याचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे आहे. विहिरीचे पाणी पिण्याजोगे का राहिले नव्हते, हा दुसरा. याचे कारण उताऱ्यात थेट सांगितलेले नाही. कोणी फिरकेना आणि पालापाचोळा साचला, या दोन गोष्टी विद्यार्थ्याने जोडावयाच्या आहेत. नळाला पाणी असतानाही गावकरी विहिरीची निगा का राखतात, हा तिसरा प्रश्न. याचे उत्तर कोणत्याही एका वाक्यात नाही. ते साऱ्या उताऱ्याच्या तात्पर्यात आहे. तुमच्या गावात अशी दुर्लक्षित पण गरजेची गोष्ट कोणती, हा चौथा. येथे विद्यार्थ्याने स्वतःचे मत कारणासह द्यावयाचे आहे.

शिक्षकांनी उतारा शिकवताना प्रश्नांची ही तऱ्हा विद्यार्थ्यांकडूनच ओळखून घ्यावी. ‘याचे उत्तर ओळीत आहे, दोन ओळींच्या मध्ये आहे, की आपल्या डोक्यात आहे ?’ एवढा एकच प्रश्न वर्गात विचारण्याची सवय लागली, तरी उतरवून काढण्याची खोड बरीच कमी होते. पुढची पायरी म्हणजे विद्यार्थ्यांनी उताऱ्यावर स्वतः प्रश्न तयार करावेत. ज्याला चांगला प्रश्न काढता येतो, त्याला उतारा समजलेला असतो.

सारांशाची कसोटी

सारांश मूळ उताऱ्याच्या सुमारे एकतृतीयांश असावा, असा संकेत आहे. अनेक विद्यार्थी मधली वाक्ये गाळतात आणि उरलेली जोडतात. त्याने उतारा तोकडा होतो, त्याचा सारांश होत नाही. उतारा बाजूला ठेवावा आणि ‘यात काय सांगितले आहे ?’ याचे उत्तर आधी तोंडी, एका वाक्यात द्यावे. मग ते लिहावे. वरील उतारा पंचावन्न शब्दांचा आहे. त्याचा सारांश अठरा शब्दांत असा होईल : ‘नळ आल्यावर दुर्लक्षित झालेल्या विहिरीची खरी गरज पंप बंद पडल्यावर कळली; म्हणून गावाने ती दुरुस्त करून पुढेही जपली.’ यात वेस, दगड, बारा दिवस आणि जाळी हा तपशील गळला. कार्यकारणाचा धागा मात्र तुटला नाही. काय गाळावे हे ज्याला कळते, त्यालाच मुख्य काय आहे हे कळलेले असते.

निबंध : पाठांतर की विचार ?

बाजारात तयार निबंधांची पुस्तके विपुल मिळतात. त्यांतील चार-सहा निबंध पाठ करून परीक्षेला जाण्याची रीत जुनी आहे. विषय थोडा बदलून आला, की पाठ केलेला निबंध नव्या विषयावर ओढूनताणून बसवला जातो, आणि ते पहिल्या परिच्छेदातच परीक्षकाच्या ध्यानी येते. गुणांचे नुकसान होतेच. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. आपल्या अनुभवाला लिहिण्याजोगे मोल नाही, लिहिण्याजोगे जे काही आहे ते पुस्तकातल्या दुसऱ्या कोणाकडे आहे, असे विद्यार्थ्याच्या मनात कायमचे ठसते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे हा ठसा फार घातक ठरतो.

एका ओसाड विहिरीचे आत्मकथन, हा विषय घेऊ. पाठांतरावर वाढलेला विद्यार्थी लिहितो : ‘मी एक विहीर आहे. माझे खूप महत्त्व आहे. पाणी हे जीवन आहे. सर्वांनी पाणी जपून वापरावे.’ यातील एकही वाक्य चूक नाही आणि एकही वाक्य त्याचे स्वतःचे नाही. त्याच विद्यार्थ्याला आजीशी दहा मिनिटे बोलून यावयास सांगावे. मग तो लिहू शकेल : ‘माझ्या काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा अजून आहेत. तांबडे फुटायच्या आत रहाट कुरकुरायचा आणि गावातल्या बऱ्यावाईट बातम्या आधी माझ्या काठावर कळायच्या. आता पोरे खडा टाकतात आणि आवाज ऐकून निघून जातात.’ येथे उपदेश नाही, तरीही विहिरीचे दुःख पोहोचते. पाहिलेला, ऐकलेला एक नेमका तपशील दहा सुभाषितांचे काम करतो.

लिहिण्यापूर्वी तीन-चार मिनिटे कच्च्या आराखड्याला द्यावीत. विषयाला आधी प्रश्न विचारावेत : ही विहीर कोणाची, कधी भरलेली होती, ओसाड का पडली, तिला काय वाटते, तिची काय अपेक्षा आहे ? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरातून एक परिच्छेद निघतो. परिच्छेदांचा क्रम ठरवावा, शेवट कोठे करावयाचा हे ठरवावे आणि मगच लेखणी चालवावी. वैचारिक विषयात क्रम थोडा बदलतो. तेथे आपले मत, त्याची कारणे, विरुद्ध बाजूचे म्हणणे आणि त्याला उत्तर, ही चौकट उपयोगी पडते. विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडणारा विद्यार्थी अधिक विश्वासार्ह वाटतो.

बोली, प्रमाणभाषा आणि शुद्धलेखन

अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी, तसेच कोरकू, गोंडी, पावरी यांसारख्या भाषांच्या घरांतून आलेली मुले आपल्या शाळांत आहेत. त्यांच्या घरच्या भाषेला अशुद्ध म्हणून हिणवले, की ती वर्गात बोलेनाशी होतात; आणि जे मूल बोलत नाही, ते पुढे लिहीतही नाही. विचार घरच्या भाषेत होऊ द्यावा, चर्चा तीत होऊ द्यावी आणि लेखनाच्या वेळी प्रमाणभाषेतील शब्द पुरवावेत. प्रसंगलेखनातील संवादांत बोली शोभते. निवेदन प्रमाणभाषेत असावे. हा भेद मुले लवकर आत्मसात करतात.

मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये निश्चित केले. हे अठरा नियम एकदम पाठ करून घेण्यापेक्षा महिन्याला एक नियम घेऊन तो विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनात शोधून दाखवणे अधिक फलदायी होते. ‘विहीर’ या शब्दात ‘ही’ दीर्घ आहे. पण ‘विहिरी’ लिहिताना तोच ऱ्हस्व होतो, कारण शब्दाच्या शेवटी दीर्घ ईकार आला. ‘गरीब’ आणि ‘गरिबी’ यांचेही तसेच. दोन ओळखीचे शब्द शेजारी ठेवले, की नियम लक्षात राहतो.

वह्या तपासण्याचा भार मोठा असतो, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. प्रत्येक निबंधातील प्रत्येक चूक लाल शाईने दाखवण्याची आवश्यकता नाही. एका पंधरवड्यात केवळ परिच्छेदांचा क्रम तपासावा, पुढच्या पंधरवड्यात वाक्यरचना. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे निबंध मोठ्याने वाचून दाखवावेत. अडखळणारे वाक्य कानाला आपोआप खटकते. आणि एकदा तपासलेला निबंध पुन्हा लिहून घ्यावा. नवे दहा निबंध लिहिण्यापेक्षा पाच निबंध दोनदा लिहिण्याने अधिक लाभ होतो.

गावाने काय करावे ?

वाचन अभ्यासापुरतेच राहिले, तर आकलन वाढत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघत आले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. या साऱ्याचा लाभ मुलाला तेव्हाच होतो, जेव्हा शाळा सुटल्यानंतर गावातील वाचनालयाचे दार उघडे असते, आत दिवा असतो आणि पुस्तक घरी नेऊ देणारे कोणी असते. हे पाहणे ग्रामपंचायत सदस्यांच्या आवाक्यातले काम आहे. चावडीवर येणारे वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवण्याला तर काहीच खर्च नाही.

आणखी एक उपाय सुचवावासा वाटतो. ग्रामसभेची सूचना, पाणीपट्टीचे देयक, एखाद्या योजनेच्या अर्जाबरोबरच्या अटी, हे कागद वर्गात उतारा म्हणून वाचावयास द्यावेत. ‘वगळून’, ‘अन्यथा’, ‘यांपैकी जे आधी घडेल ते’ या शब्दांनी अर्थ कसा बदलतो, हे मुलांना विचारावे. अर्जाची मुदत किंवा एखादी अट नीट न वाचल्यामुळे हक्काचा लाभ हुकल्याची उदाहरणे कार्यालयांत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. जे मूल असा कागद वाचून आपल्या वडिलांना त्याचा अर्थ सांगू शकते आणि उत्तरादाखल चार ओळींचा नीटस अर्ज लिहू शकते, त्याच्या घराला कोणा मध्यस्थाचे दार ठोठवावे लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. या सन्मानाचा खरा अर्थ वाडीवस्तीवरच्या शाळेत ठरावयाचा आहे. तेथील विद्यार्थ्याला अनोळखी उतारा वाचून समजला आणि स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडता आले, तर परीक्षेतील गुण त्याला मिळतीलच. परीक्षेनंतरच्या आयुष्यातही तो कोणाच्या तोंडाकडे पाहत बसणार नाही.