पाटीतील कुर्ल्या आणि समुद्रातील कुर्ल्या

गोव्याच्या मासळीबाजारात जाऊन आपण कुर्ल्यांच्या जाती मोजू लागलो, तर एका हाताची बोटेही पुरी लागत नाहीत. एक खाडीतील हिरवट-काळी, जाड नांग्यांची. दुसरी समुद्रातील, पाठीवर तीन तांबडे ठिपके असलेली. आणि तिसरी पाठीवर क्रुसाची आकृती मिरविणारी. मोलुक्का बेटांकडे संत फ्रान्सिस झेवियर यांचा समुद्रात पडलेला क्रूस एका कुर्लीने नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला, ही लोककथा या तिसरीशीच जोडलेली आहे.

परंतु पाटी म्हणजे समुद्र नव्हे. खाण्याजोग्या मोठ्या आणि जाळ्यात सापडणाऱ्या तेवढ्याच जाती बाजारात येतात. भारतात खेकड्यांच्या सुमारे ९०० जातींची नोंद झालेली आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-जहाजावर शल्यवैद्य व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून राहिलेल्या आल्फ्रेड ऑल्कॉक यांनी १८९५ ते १९०० या काळात त्यांची जी वर्णने प्रसिद्ध केली, ती या अभ्यासाचा पाया मानली जातात.

खेकडे व कोळंब्या दोन्ही दशपाद, म्हणजे दहा पायांचे. खेकड्याची शेपटी पोटाखाली दुमडलेली असते. मादीची रुंद, नराची अरुंद. आपण ज्यांना सरसकट सुंगटां म्हणतो, त्यांतही दोन कुळे आहेत. पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची चकती पहिल्या खंडावर चढलेली दिसली, तर ती कोळंबी अंडी पोटाशी वागविणाऱ्या कुळातील. तशी नसेल, तर बहुधा ती अंडी पाण्यात सोडून देणाऱ्या कुळातील असते. हिची पिल्ले समुद्रातून खाडीत शिरतात, आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाजणाच्या मानशीतून आत येतात.

आता खाडीच्या कुर्लीकडे वळू. सर्वेक्षणातील खरी अडचण तिच्यापाशीच कळते. चिखलात राहणाऱ्या या मोठ्या कुर्लीला ग्रंथांतून दीर्घकाळ ‘सायला सेराटा’ हे एकच नाव दिले जात असे. १९९८ साली कीनन, डेव्ही व मान या संशोधकांनी तिच्या चार जाती वेगळ्या केल्या. त्यांपैकी सेराटा व ऑलिव्हेशिया या दोन आपल्या किनाऱ्यावर मिळतात. ओळखण्याची खूण साधी आहे. नांगीच्या मनगटाच्या बाहेरील कडेला दोन ठळक काटे असतील, तर ती सेराटा. तेथे काटे खुरटलेले वा नाहीसेच असतील, तर ऑलिव्हेशिया. सेराटाच्या पायांवर जाळीदार नक्षीही असते. गंमत अशी की, आपल्याकडील जुन्या लेखनात पुष्कळदा लहान जातीलाच सेराटा म्हटले गेले, आणि खऱ्या सेराटाला तिसरेच नाव मिळाले!

हा केवळ पंडिती वाद नव्हे. सेराटा दोन किलोंहूनही अधिक वजनाची होऊ शकते. ऑलिव्हेशिया लहान राहते आणि लहान आकारातच वयात येते. लहान जातीवरून ‘एवढी झाली की पकडावी’ असे माप ठरविले, तर मोठ्या जातीची कुर्ली अंडी घालण्यापूर्वीच टोपलीत जाईल. दोघींची नोंद एकाच नावाखाली होत असेल, तर एक घटत चालली तरी वहीतील आकडा तेवढाच दिसू शकेल.

दिसणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या प्राण्याची ही कथा. मग लपलेल्यांची काय असेल? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंदी, प्रशांत व कॅरिबियन समुद्रांतील प्रवाळभागांतून मेलेल्या प्रवाळांचे गड्डे आणि मुद्दाम पाण्यात ठेवलेल्या थरांच्या चौकटी तपासल्या गेल्या. एकूण क्षेत्र अवघे ६.३ चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीएवढेही नव्हे. तेवढ्यात कवचधारी प्राण्यांच्या ५२५ जाती निघाल्या, त्यांत खेकड्यांच्या १६८! जाती वेगळ्या करण्यासाठी डीएनएची तुलना करावी लागली, कारण उष्ण समुद्रातील हे जीव पुष्कळदा नखाएवढे असतात, आणि डोळ्यांना दोन सारखे दिसणारे जीव दोन भिन्न जातींचे निघतात.

घरी कुर्ल्या येतील तेव्हा, आईने त्या कापण्यापूर्वी, प्रत्येकीच्या मनगटाचे काटे मोजा. नर की मादी, आणि पाठीची रुंदी किती, हे तारखेसह वहीत टिपा. नांग्या बांधलेल्या आहेत ना, एवढे मात्र आधी पाहा.