परिकल्पना लिहिताना : ती चुकू शकते का?

कृती संशोधनाचे अहवाल वाचताना एक वाक्य हमखास भेटते : 'अमुक उपक्रम राबविल्यास विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढेल.' मीही पूर्वी असेच लिहिले आहे. ही परिकल्पना कधी खोटी ठरतच नाही. 'गुणवत्ता' म्हणजे नेमके काय, किती वाढली म्हणजे वाढली, हे लिहिलेलेच नसते. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्यामध्ये दोन महिने जातात, आणि तेवढ्यात मुलं एरवीही काहीतरी शिकतातच की!

परिकल्पना म्हणजे समस्येचे आपण आधी सुचवलेले, पण तपासता येईल असे उत्तर. (गृहीतक वेगळे. ते आपण न तपासता धरून चालतो. अहवालांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.)

यासाठी मला सेमेलवाइस या डॉक्टरांचे उदाहरण फार आवडते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या बायकांचे प्रमाण शेकडा ११ च्या वर होते, दुसऱ्यात ३ च्याही आत. का? एक तर्क असा, की मरणासन्न बाईकडे जाणारा धर्मगुरू घंटेच्या आवाजासह पहिल्या विभागातून जातो, त्या धसक्याने बायका आजारी पडतात. आज हसू येईल, पण परिकल्पना म्हणून ती चांगलीच होती, कारण तपासता येत होती. धर्मगुरूचा रस्ता बदलला, घंटा बंद केली. मृत्यू कमी झाले नाहीत. तर्क बाद.

मग १८४७ मध्ये त्यांचे एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन गेले. लक्षणे तशीच. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खोलीत येत, सुईणी शवविच्छेदन करत नसत. नवी परिकल्पना : हातांवरून येणारे प्रेतांचे द्रव्य हे कारण. तसे असेल, तर क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावर पहिल्या विभागातला आकडा दुसऱ्याच्या जवळ यायला हवा. १८४८ मध्ये दोन्हीकडे तो शेकडा सव्वाच्या आसपास होता.

'अमुक खरे असेल, तर तमुक दिसायला हवे' हे वाक्य आपल्या परिकल्पनेला जोडता येते का, एवढे पाहावे. स्वाश्रयी चल, आश्रयी चल, शून्य परिकल्पना हे सगळे पाठ्यपुस्तकात मिळेल, पण हे वाक्य जमले नाही तर त्यांचा उपयोग नाही.

आता आपल्या वर्गात येऊ. ३०४ वजा १७८. उत्तर १२६. माझ्या वर्गात बऱ्याच जणांचे २२६ येत होते. मी आधी 'निष्काळजीपणा' असे लिहून मोकळी झाले होते, पालकसभेतही तेच सांगितले. घरीही मुलं 'तुझं लक्षच नसतं' हेच ऐकतात. पण निष्काळजीपणाने सगळ्यांचे उत्तर एकच कसे येईल?

मग लिहिले : 'दशकस्थानी शून्य असताना मुले शून्याचे नऊ करतात, पण शतकातला एक कमी करत नाहीत.' तसे असेल, तर ३५४ वजा १७८ सारखी, मध्ये शून्य नसलेली हातच्याची गणिते बरोबर यायला हवीत. दोन्ही प्रकारची दहा-दहा गणिते मिसळून दिली, आणि दोन्हींत सारख्याच चुका झाल्या तर परिकल्पना सोडायची, हे आधीच वहीत लिहून ठेवले. आधी लिहिणे महत्त्वाचे, नाहीतर निकाल पाहून आपण शब्द फिरवतो!

बहुतेकांची शून्य नसलेली गणिते बरोबर आली. त्यांच्यासोबत शंभराची नोट मोडून दहाच्या नोटा, मग त्यातली एक मोडून सुट्टी नाणी, असे करत बसलो.

तीन-चार मुलांच्या बाबतीत मात्र मी चुकले होते. त्यांनी ३५४ वजा १७८ चे उत्तर २२४ लिहिले होते. म्हणजे ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग तो वर असो की खाली. शून्याचा काही संबंधच नव्हता. त्यांच्यासाठी वहीत दुसरी परिकल्पना लिहायला घेतली आहे.