पाहुण्यांची खोली

तारकर्लीला आमच्या शेजारच्या काकू दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांची मोबाईलवरची जाहिरात आम्हीच लिहिली होती. 'निसर्गरम्य परिसर, सर्व सोयी, समुद्रदर्शन!' काकू म्हणाल्या, "मास्तर, घरातून समुद्र खंय दिसता?" आम्ही ऐकले नाही.

दिवाळीत एक कुटुंब आले. बरोबर म्हातारी आजी. संडास तर अंगणापलीकडे. सकाळीच ते निघून गेले. जाताना मोबाईलवर वाईट शेरा लिहिला. नाताळातही खोल्या रिकाम्या. काकूंचा सोसायटीचा हप्ता थकला. चूक आमची होती.

मग काकूंना विचारून पुन्हा लिहिले. समुद्र चालत दहा मिनिटे. संडास अंगणात, रात्री दिवा असतो. कुडाळ स्टेशनला उतरावे, तिथून मालवणची एस.टी. धरावी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. जेवण मासळीचे, शाकाहारी हवे तर आदल्या दिवशी सांगावे. किती माणसांना किती पैसे, तेही लिहिले.

फोटो सकाळी, खिडक्या उघडून काढले. संडासाचाही काढला. काकूंना ते पटेना. पण म्हातारे माणूस बरोबर असले की लोक आधी तेच विचारतात.

शिमग्याला पाहुणे आले. त्यांच्यातल्या आजीबाईंनी पायरीवरूनच विचारले, "अंगणातल्या दिव्याचं बटण कुठं आहे हो?"