काजव्यांची भाषा

शिर्डी हे गाव रात्री उशिरापर्यंत जागे असते. दर्शनासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या यात्रेकरूंची वर्दळ, दुकानांतील दिव्यांची आरास आणि मोटारींचे झोत ह्यांमुळे तेथे काळोख असा उरतच नाही. परंतु ह्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, काळोखाची एक निराळीच शोभा पाहावयास मिळते.

शिर्डीहून संगमनेर, अकोले, राजूर ह्या मार्गाने गेले म्हणजे प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण लागते. हे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या आसपास घाटघर, रतनवाडी, साम्रद अशी लहान लहान गावे आहेत. रोहिणी नक्षत्र निघाले, वळवाच्या दोन सरी पडून गेल्या, की तेथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ह्या वृक्षांवर सूर्यास्तानंतर काजवे दिसू लागतात. प्रथम एक ठिणगी चमकते, मग दहा, मग हजारो! कित्येकदा एका झाडावरील सारे काजवे एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी मालवतात. जणू तो वृक्षच श्वासोच्छ्वास करीत आहे, असा भास होतो.

काजव्याला संस्कृतात ‘खद्योत’, म्हणजे आकाशात चमकणारा, असे म्हणतात. शास्त्रदृष्ट्या तो भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक होय. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज ह्या दुसऱ्या द्रव्याच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला, की प्रकाश उत्पन्न होतो. ह्या द्रव्यांना ही नावे राफाएल द्युबुआ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिली. तारेचा विजेचा दिवा थोड्याच वेळात हाताला चटका देतो; काजवा मात्र तळहातावर घेतला तरी पोळत नाही. त्याचा प्रकाश शीतल असतो.

हा प्रकाश तो कशासाठी उधळतो? आपल्या करमणुकीसाठी खचित नव्हे. ती त्याची भाषा आहे. अनेक जातींत नर लुकलुकत उडत असतो आणि गवतावर किंवा पानावर बसलेली मादी आपल्या प्रकाशाने त्याला उत्तर देते. ह्या खुणेवरून त्यांची भेट होते. पुढे मादी ओलसर मातीत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगाई खाऊन वाढतात. अळीची अवस्था दीर्घकाळ चालते; पंख फुटल्यावरचे आयुष्य मात्र थोड्याच दिवसांचे असते. त्या थोड्या रात्री वाया गेल्या, तर पुढची पिढी कोठून यावी?

आज नेमके हेच संकट काजव्यांपुढे उभे आहे. त्यांचा दीपोत्सव पाहण्यासाठी शहरांतून गाड्यांच्या रांगा येतात. ढोलताशांच्या गजरात आईची हाक जशी विरून जावी, तशी मोटारींच्या झोतांत आणि विजेऱ्यांच्या उजेडात काजव्यांची खूण विरून जाते. गवतावरील माद्या पायांखाली चिरडल्या जातात. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. म्हणून येथे वनखात्याचे नियम पाळणे बंधनकारक आहे.

ह्याच तालुक्यातील पुरुषवाडी गावाने एक चांगला मार्ग दाखविला आहे. तेथील ग्रामस्थ पाहुण्यांना आपल्या घरी उतरवितात, चुलीवरची भाकरी वाढतात आणि अंधार पडल्यावर पायी काजव्यांकडे नेतात. पाहुण्याला पाहावयास मिळते, गावाला चार पैसे मिळतात. गावकऱ्यांना काजवा हवासा वाटतो, कारण त्याच्यामुळेच पाहुणा येतो.

काजव्यांजवळ गेलेल्याने विजेरी मालवावी, बोलणे थांबवावे आणि पायवाट सोडू नये. काजवा बाटलीत कोंडून घरी नेऊ नये. तेथे त्याच्या हाकेला उत्तर देणारे कोणी नसते. थोडा वेळ स्वस्थ उभे राहिले, की डोळ्यांना काळोखाची सवय होते आणि समोरच्या झाडावरील संभाषण आपोआप दिसू लागते.

स्वाध्याय
१. काजव्याचा प्रकाश शीतल आहे, असे का म्हटले आहे?
२. मोटारींच्या झोतांमुळे काजव्यांची कोणती हानी होते?
३. तुमच्या गावात रात्री काळोख कोठे असतो? तेथे काय दिसते, ते पाच ओळींत लिहा.