सोबत जाताना

रत्नागिरी

चि. मैथिलीस,


तुझा मेसेज दोनदा वाचला. कोपऱ्यावरच्या पोरांनी तुझ्या मणिपुरी मैत्रिणीला ‘चिंकी’ म्हणून हाका मारल्या, अंगावर गाडी घातली, आणि वर घरमालकच म्हणतात, तिने खोली सोडावी म्हणजे कटकट मिटेल. तू त्या रात्री स्टेटस ठेवलंस. ठेव बापडी, पण त्याने तिची खोली वाचत नाही.

‘गंमत केली हो’ असं तुला चारजण सांगतील. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरात निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून अशीच गंमत सुरू झाली. त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. तुझं पुणंही काही सोवळं नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हल्ल्यांच्या अफवा उठल्या आणि ईशान्येकडची मुलं जीव मुठीत धरून पुणे स्टेशनवरून गाड्या भरभरून गावी गेली.

तू काय करायचंस? अमेरिकेतल्या माँटगोमेरीची एक गोष्ट मला वकिलीत फार उपयोगी पडली. १९५५ च्या डिसेंबरात गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स या काळ्या बाईंना बसमधून अटक झाली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ई. डी. निक्सन यांनी तुरुंगात फोन केला, पण काळ्या माणसाला तिथे कोण सांगणार आरोप काय ते! तेव्हा त्यांनी क्लिफर्ड डर या गोऱ्या वकिलाला फोन करायला लावला. त्यांना लगेच उत्तर मिळालं. मग क्लिफर्ड आणि त्यांची पत्नी व्हर्जिनिया निक्सनसोबत तुरुंगात गेले, आणि जामीन निक्सन यांनी भरला. डर यांनी भाषण ठोकलं नाही. आपलं जिथे ऐकून घेतात, तिथे ते बोलले, एवढंच.

पुण्यात तुझं मराठी आणि तुझं आडनाव ऐकून घेतात. ते तिच्या कामी येऊ दे. पण आधी तिला विचार, तक्रार करायची आहे का? नको म्हणाली तर तिच्या वतीने शूर होऊ नकोस. त्या गल्लीतून रोज तिला जायचं आहे.

हो म्हणाली, तर आजच वहीत लिही: वेळ, जागा, गाडीचा नंबर, आणि पोरं जे बोलली ते जसंच्या तसं, शिवीसकट. साक्षीदार म्हणून तुझं नाव दे. चौकीत ‘समजूत घालतो, जा तुम्ही’ म्हणतील. चहाही देतील. बसून राहायचं. लेखी अर्ज दिलास तर पोच घे. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जबाब मराठीत लिहिला जाईल. ती सही करण्याआधी तो तिला ओळ न् ओळ हिंदीत सांग. ‘अंगावर गाडी घातली’चं ‘किरकोळ वाद झाला’ कधी होतं, हे सही करणाऱ्याला कळतही नाही. असे जबाब मी कोर्टात पुष्कळ पाहिलेत. बोलायची वेळ आली की मात्र तिला बोलू दे, तू दुभाषी.

त्या पोरांशी रस्त्यात हुज्जत घालू नकोस. पुन्हा दिसली तर सरळ तिच्या बाजूला जाऊन उभी राहा आणि तिच्याशीच बोलत चालू लाग.

घरमालकांना तिच्या आंबवलेल्या मासळीचा वास येतो म्हणे. आपल्याकडे सुका बोंबील भाजताना शेजारच्या जोशीकाकूंनी काय सोसलं असेल! त्यांनी कधी खोली सोडायला सांगितली नाही. करार तुम्हा दोघींच्या नावावर आहे ना? मग तिला एकटीला ‘जा’ म्हणता येतं का, ते त्यात बघ. नोटिशीची मुदत किती, तेही बघ. त्या पानांचे फोटो मला पाठव. रविवारी घरमालकांकडे जाल तेव्हा मला फोनवर घ्या, आवाज चढवायचं काम माझ्याकडे.

तुझ्या बाबांशी मी बोलते. ‘दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला पडतेस’ हे वाक्य त्याने माझ्यासाठीही वापरलंय.

तुझी,
सुमाआत्या