ऑनलाइन काम : अटी आधी, काम नंतर

भाषांतर, हिशेबलेखन, इमारतींचे आराखडे, पुस्तकांची मांडणी अशी अनेक कामे आता कचेरीत न जाता संगणकावर करता येतात. अपवर्क, फायव्हर यांसारख्या ऑनलाइन मंचांवर काम देणारा ग्राहक एका देशात, तर ते करणारा मुक्त व्यावसायिक दुसऱ्या देशात असू शकतो. दोघांची प्रत्यक्ष गाठ बहुधा पडतच नाही. म्हणून त्यांच्यामधील कराराला विशेष महत्त्व प्राप्त होते. गोव्यातील व सीमाभागातील सुशिक्षित तरुणांनी या क्षेत्रात उतरण्यापूर्वी त्याचे नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

करार कोणाशी?

असा मंच सामान्यतः मालक नसून मध्यस्थ असतो. नाव नोंदविताना ज्या अटी मान्य केल्या जातात, तो मंचाशी झालेला करार होय. प्रत्यक्ष कामाचा करार मात्र व्यावसायिक आणि ग्राहक यांच्यात होतो. मोबदला बुडाल्यास तो मंच आपल्या पदरचा देईल, असे गृहीत धरू नये.

कायद्याचा आधार

भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये उभय पक्षांची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला व कायदेशीर उद्देश ही कराराची आवश्यक अंगे आहेत. अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. विद्यार्थ्यांना अशी कामे सुचविताना शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला एवढ्याच कारणावरून करार अमान्य ठरत नाही. तेव्हा पडद्यावरील संमतीचे बटण सहीइतकेच विचारपूर्वक दाबावे.

मोबदल्याची हमी

समजा, म्हापशातील एका पदवीधराने परदेशी ग्राहकाचे शंभर पानांचे भाषांतर २०,००० रुपयांना स्वीकारले. सर्व काम संपल्यावर पैसे घेण्याचे ठरले आणि ग्राहक बेपत्ता झाला, तर महिनाभराची मेहनत वाया जाईल. परदेशात दावा लावण्याचा खर्च येणे रकमेहून अधिक व्हायचा. त्याऐवजी वीस-वीस पानांचे पाच टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे ४,००० रुपये मंचाच्या मध्यस्थ खात्यात आधी जमा करवून घ्यावेत व मगच तो टप्पा सुरू करावा. अशी जमा झालेली रक्कम काम स्वीकारले गेल्यावर व्यावसायिकास मिळते. मंचाबाहेर पैसे घेतल्यास हे संरक्षण नाहीसे होते आणि मंचाचा नियमभंग होऊन खातेही बंद पडू शकते.

हक्क व बंधने

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या वा भाषांतरकाराच्या कामाचा प्रथम हक्क सर्वसाधारणपणे त्याचाच असतो. मोबदला घेऊन काढलेली छायाचित्रे व चित्रे यांना वेगळा नियम आहे. हक्क सोपविण्यास सहीचा लेख लागतो. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. मंचाच्या अटींत रक्कम मिळताच हक्क ग्राहकाकडे जावेत, असे कलम पुष्कळदा असते. ते वाचूनच किंमत ठरवावी. काम संपल्यानंतरही इतर कोणाचे काम करू नये, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ अन्वये निरर्थक ठरते. परंतु ग्राहकाची गुपिते जपण्याची अट पाळावी लागते.

काय लिहून घ्यावे?

कामाचे नेमके स्वरूप, मुदत, मोबदला व त्याचे चलन, मंचाची वर्गणी कोण सोसणार, किती वेळा दुरुस्ती विनामूल्य करावयाची, काम मध्येच थांबल्यास किती रक्कम देय राहील आणि तंटा कोणत्या देशाच्या कायद्याने मिटवावयाचा, या सात गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी मंचाच्या संदेशपेटीतच लिहून घ्याव्यात. त्या संदेशांची व सादर केलेल्या कामाची प्रत जपून ठेवावी. केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा भारतात सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि त्या वेळी हीच प्रत पुरावा म्हणून उपयोगी पडते.