घरातला छोटा समुद्र

(रुखसाना दापोलीला राहते. तिचे मामू इंग्लंडमध्ये असतात. त्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. त्या टाकीचे छायाचित्र पाहून रुखसानाने मामूंना एक प्रश्न विचारला. मामूंनी पत्रातून दिलेले उत्तर आपण वाचूया.)

लीड्स, इंग्लंड
12 जानेवारी 2025

प्रिय रुखसाना,

अस्सलामु अलैकुम आणि अनेक दुवा.

तू विचारलेस, "मामू, पाळायला सर्वांत सोपे प्रवाळ कोणते? अनीसभाई मालवणच्या समुद्रातून एक आणून देणार आहे. माझ्या गप्पी माशांच्या टाकीत ते ठेवू का?" फोनवर एवढे सगळे सांगता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उर्दूत आपण ज्याला मूंगा किंवा मरजान म्हणतो, त्यालाच मराठीत पोवळे किंवा प्रवाळ म्हणतात. नानीच्या अंगठीतला लाल खडा हा एका जातीच्या प्रवाळाचा सांगाडा आहे. पुष्कळ लोकांना प्रवाळ म्हणजे दगड वाटतो. काहींना ती वनस्पती वाटते. खरे तर तो प्राणी आहे. अनेक लहान लहान जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि त्यांची वसाहत बनते. अनेक प्रवाळांच्या शरीरात अतिशय सूक्ष्म शेवाळ असते. ते शेवाळ प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला देते. म्हणून टाकीत प्रवाळ ठेवायचे, तर योग्य प्रकाश हवाच.

तुझे गप्पी मासे गोड्या पाण्यात राहतात. त्या पाण्यात प्रवाळ लगेच मरेल. त्याला समुद्रासारखे खारे पाणी लागते. एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार हवेत. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही; त्यासाठी खास समुद्री क्षारांचे मिश्रण मिळते. पाण्याचे तापमान 25 अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते.

आता माझी एक चूक सांगतो. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मी 75 लिटरची टाकी आणली, तेव्हा मला फार घाई झाली होती. दुकानात हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे एक सुंदर प्रवाळ होते. दुकानदाराने विचारले, "तुमची टाकी किती दिवसांची आहे?" मी म्हणालो, "दोन महिन्यांची." टाकी होती फक्त नऊ दिवसांची!

नव्या टाकीत घाणीपासून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. ते नाहीसे करणारे जिवाणू टाकीत वाढावे लागतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी तेवढे थांबलो नाही. शिवाय आणखी एक चूक केली. टाकीतले पाणी रोज थोडे आटत असे, आणि मी त्यात पुन्हा खारे पाणी ओतत असे. पाण्याची वाफ होते, पण क्षार टाकीतच राहतात, हे मी शाळेत शिकलो होतो. तरीही विसरलो. पाणी दिवसेंदिवस जास्त खारे होत गेले. तीन आठवड्यांत ते प्रवाळ बुडापासून वरपर्यंत पांढरे पडले. त्याचा सांगाडा अजून माझ्या टेबलावर आहे. तो पाहिला की मला माझे खोटे बोलणे आठवते. मी दुकानदाराला फसवले, पण जीव गेला त्या मुक्या प्राण्याचा.

त्यानंतर मी शहाणा झालो. आटलेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडे पाणी घालू लागलो. दर आठवड्याला टाकीतले दहावा हिस्सा खारे पाणी बदलू लागलो. दोन महिने थांबलो आणि मगच सोप्या जाती आणल्या. त्याही समुद्रातून काढलेल्या नव्हेत, तर टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे होते.

पहिले आणले छत्री-प्रवाळ. ते अळंबीसारखे दिसते. त्याला कमी प्रकाश आणि संथ पाणी पुरते. दुसरे चामडी प्रवाळ. ते कधीकधी चार-सहा दिवस मिटून बसते आणि अंगावरची पातळ साल टाकते. नवशिक्याला वाटते की ते मेले! पण ते पुन्हा उमलते. तिसरे हिरवे तारा-प्रवाळ. ते हिरवळीसारखे भराभर पसरते, म्हणून त्याला वेगळा दगड द्यावा. नाही तर ते शेजाऱ्यांची जागा बळकावते. चौथे बटण-प्रवाळ. ते फारच रंगीत असते, पण त्याच्या काही जातींत भयंकर विष असते. त्याला हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये. ते ज्या दगडावर असते, तो दगड कधीही उकळू नये; विष वाफेबरोबर श्वासात जाते.

तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे.

अनीसला सांग, मालवणहून काहीही आणू नकोस. आपल्या देशात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 पासून या कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. कायदा नसता, तरी मी हेच सांगितले असते. प्रवाळांच्या आडोशाला मासे लपतात, अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले वाढतात. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले, तर प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. अशा संकटात ते आधीच सापडले आहेत. आपण त्यात भर घालू नये.

मग तू काय करावेस? तुझ्या गप्पींची टाकी सहा महिने नीट सांभाळ. दर आठवड्याला थोडे पाणी बदल. तापमान वहीत लिहून ठेव. मासे काय खातात, कधी सुस्त होतात, ते पाहा. घाई न करता जीव सांभाळणे, हाच पहिला धडा आहे. तो मी उशिरा शिकलो.

पुढच्या सुट्टीत मी येईन, इन्शाअल्लाह. तेव्हा आपण सगळे मालवणला जाऊ आणि पाण्याखालची प्रवाळे पाहू. हात मात्र कोणी लावायचा नाही!

अम्मी-अब्बूंना सलाम. अनीसला दुवा.

तुझा मामू

शब्दार्थ

सांगाडा – शरीराचा टणक भाग
वसाहत – एकत्र राहण्याची जागा. एकत्र राहणाऱ्यांचा समूह
क्षार – पाण्यात विरघळलेले खारट पदार्थ
आटणे – वाफ होऊन कमी होणे
बळकावणे – जबरदस्तीने ताब्यात घेणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूंची टाकी किती लिटरची होती?
(आ) तारा-प्रवाळाला वेगळा दगड का द्यावा?
2. मामूंच्या दोन चुका कोणत्या? त्यांचा परिणाम काय झाला?
3. 'मी दुकानदाराला फसवले, पण जीव गेला त्या मुक्या प्राण्याचा.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
4. प्रवाळ, विष, प्रकाश, घाई – या शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द आहेत, ते लिहा.
5. रुखसानाने अनीसला काय सांगितले असेल? दोघांचा संवाद पाच-सहा वाक्यांत लिहा.